बंद पंपाचा पंखा

"हात काढू का?" निहारने विचारले.

"बादलीवर धरून काढ," आसावरी म्हणाली. "सांडलं तर बादलीत सांडायला हवं. प्रयोगासाठी आईने एकच पेला मंजूर केलाय."

निहारने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा ठेवून तो तळहाताने दाबला होता आणि पेला उलटा केला होता. आता त्याने श्वास रोखला आणि हात बाजूला घेतला. तुकडा पेल्याच्या तोंडाला चिकटून राहिला. पाण्याचा थेंबही खाली आला नाही.

"पत्रिकेला धरून कोण ठेवतंय?"

"हवा. खालून वर ढकलते आहे."

"हवा तर वरून खाली दाबते ना?"

"सगळ्या बाजूंनी दाबते. पेल्यातल्या पाण्याच्या वजनापेक्षा तिचा जोर कितीतरी जास्त आहे. आता सरळ कर, तेच पाणी पुढच्या प्रयोगाला लागेल."

पुढचा प्रयोग झाला नाही. न्हाणीघरातून अंजलीचा, म्हणजे त्यांच्या आईचा, थकलेला आवाज आला. "आसू, नळ गेला. माझ्या तोंडाला साबण आहे. बाहेर पाणी आहे का कुठे?"

"प्रयोगाचा पेला आहे."

"आण तोच."

मे महिना होता. बंगळूरला पंखा लावावा लागत नाही, असे नागपूर सोडताना त्यांना कोणीतरी सांगितले होते. सांगणारा बहुधा डिसेंबरात येऊन गेला असावा. सुट्टीत आजोळी जायचे ठरले होते, पण आईच्या ऑफिसातले काम लांबले आणि तिकिटे रद्द झाली. आता तेरा वर्षांची आसावरी आणि दहा वर्षांचा निहार इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मागच्या बाजूला, तीन मजली इमारतीत, उन्हाकडे बघत सुट्टी संपण्याची वाट पाहत होते. इमारतीचे नाव 'निर्झर' होते. त्या उन्हाळ्यात ते नाव कोणी मोठ्याने उच्चारत नसे.

निर्झरमध्ये पाणी टँकरने येई. टँकर तळघरातल्या मोठ्या टाकीत रिकामा होई. तिला इथे सगळे संप म्हणत. संपाशेजारचा पंप ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवी आणि तिथून ते घरोघरी उतरे. व्यवस्था साधी होती. तरीही गेले काही दिवस सकाळ सरण्याआधीच नळ कोरडे पडत आणि माणसे बादल्या घेऊन जिन्यात उभी राहत. सुरुवातीला ती भांडत असत. आता भांडण्याचेही त्राण उरले नव्हते.

दार लोटून रंजिता आत आली. ती मल्लाप्पाची मुलगी. मल्लाप्पा इमारतीचा रखवालदार. पंपही तोच चालवी. दोघे तळघराच्या जिन्याखालच्या खोलीत राहत. सीमेजवळच्या अथणीकडची असल्यामुळे तिचे मराठी आणि कन्नड दोन्ही घरचेच होते. एरवी ती आल्या आल्या निहारला टपली मारी. आज ती नुसतीच भिंतीला टेकून बसली.

"रविवारी मीटिंग आहे," ती म्हणाली. "अप्पांना काढणार आहेत."

"कोण म्हणालं?"

"पद्मनाभकाका. अप्पा पहाटे पंप लावतच नाहीत, झोपून राहतात आणि वर लावला म्हणून सांगतात, असं सगळ्यांना सांगितलंय त्यांनी. खोली सोडावी लागली तर मला गावी जावं लागेल की, आजीकडे. यल्लव्वा आजीला खूप आनंद होईल. माझी दहावी मात्र इथल्या शाळेत आहे."

निहार म्हणाला, "पण तुझे अप्पा लावतात ना पंप?"

"मी रोज त्या आवाजाने उठते. तुला काय वाटतं, मला स्वप्नात पंप दिसतो?"

पद्मनाभकाका इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. त्यांचा आरोप आसावरीने जिन्यात ऐकला होता आणि खेदाची गोष्ट म्हणजे तो तर्काला धरून होता. गच्चीवरची टाकी रिकामी होती आणि संप भरलेला होता. पाणी चोरीला गेले असते तर संपही रिकामा झाला असता. पाणी खाली शिल्लक आहे, याचा अर्थ ते वर चढवलेच नाही. या तर्कात खोट काढायची, तर आधी डोळ्यांनी बघायला हवे होते.

"उद्या पहाटे मला उठव," ती म्हणाली. "आणि याला पण."

"मला कशाला?" निहार म्हणाला. "सुट्टी आहे."

"सुट्टी आहे म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मल्लाप्पाने तिघांच्या देखत पंपाचे बटण दाबले. पंप घुमू लागला. आसावरी गच्चीवर गेली, टाकीचे झाकण सरकवून बघत राहिली. पाणी चढत होते. टाकी भरल्यावर तिने वरून हाक मारली आणि मल्लाप्पाने पंप बंद केला.

"बघितलीस की पोरी?" धापा टाकत वर आलेला मल्लाप्पा म्हणाला. "मी रोज असंच भरतो. कोण ऐकत नाही."

"मल्लाप्पाअण्णा, घरांकडे जाणारे सगळे व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करता येतील?"

"लोक शिव्या घालतील."

"तशाही घालताहेत."

मल्लाप्पाला ते पटले. त्याने एकेक चक्री फिरवून घरांकडची वाट बंद केली. आता या टाकीतून कोणालाही पाणी मिळणार नव्हते. आसावरीने खडूने टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर रेघ मारली आणि ती कठड्याच्या सावलीत बसून राहिली. दूरवर उड्डाणपुलावरून पहिल्या बसगाड्या जात होत्या. डोळे मिटू लागले. तिने पुन्हा डोकावले, तेव्हा रेघ कोरडी होती आणि पाणी हातभर खाली गेले होते.

टाकी गळत असेल, हा तिचा पहिला अंदाज. ती चारी बाजूंनी फिरली, वाकून टाकीच्या बुडाखाली बघितले. गच्ची ठणठणीत कोरडी होती. पाणी घरांत जात नव्हते, गळतही नव्हते, तरी उतरत होते.

तेवढ्यात निहार जिना चढून आला. त्याला तळघरात पंपाच्या खोलीपाशी बसवले होते, मुख्यतः तो पायात येऊ नये म्हणून.

"ताई, पंप चालू आहे."

"बंद केलाय. तुझ्यासमोर केलाय."

"बटण बंदच आहे. दिवा पण विझलाय. तरी त्याचा मागचा पंखा फिरतोय, आणि बारीक आवाज येतोय, म्हातारं माणूस झोपेत कण्हतं ना, तसा."

"भूत असेल," आसावरीशेजारी बसलेली रंजिता म्हणाली. "निर्झरचं भूत. तेही पाण्यासाठीच आलं असेल."

खाली जाऊन तिघांनी बघितले. निहारने अतिशयोक्ती केली नव्हती. मोटर थंड ठेवण्यासाठी तिच्या मागे जाळीच्या टोपणात एक पंखा असतो. विजेचे बटण बंद असताना तो बारीक आवाज करत फिरत होता. निहारने बोट पुढे केले, ते आसावरीने त्याच्या मनगटासकट मागे ओढले.

"पंपावर तो बाण बघ," ती म्हणाली. लोखंडी अंगावर ओतीव बाण होता. पंप चालताना कोणत्या दिशेने फिरावा, हे दाखवणारा. "आणि पंखा कुठल्या दिशेने फिरतोय?"

निहारने हवेत बोट फिरवून पाहिले. "उलट्या."

"म्हणजे पंप पाण्याला फिरवत नाहीये. पाणी पंपाला फिरवतंय."

रंजिताला ते सगळ्यांत आधी कळले. "पाणी परत येतंय," ती हळू म्हणाली. "अप्पा वर चढवतात आणि ते त्याच पाइपातून परत संपात येतंय. म्हणून संप भरलेला."

मागोमाग खाली आलेल्या मल्लाप्पाने पंपाच्या डोक्यावरच्या पाइपाकडे बोट दाखवले. "इथं एक पितळेची झडप होती. पाणी वर जाऊ द्यायची, परत येऊ द्यायची नाही. उगादीच्या, म्हणजे तुमच्या पाडव्याच्या आधी गळायला लागली, तर प्लंबरनं ती काढली आणि साधा पाइप जोडला. नवी आणू या म्हटलं, तर पद्मनाभसाहेब म्हणाले, राहू दे, नंतर बघू."

"पण तेव्हा लगेच त्रास सुरू झाला नाही."

"नाही की. नंतर झाला."

आसावरीला हेच खटकत होते. झडप नसली, तरी पाइपाचे वरचे तोंड टाकीच्या काठावरून आत वळलेले होते. पाणी उंचावरून धबधब्यासारखे पाण्यात पडायला हवे. पंप थांबला की पाइपातले तेवढे पाणी खाली येईल. टाकीतले पाणी काठावर चढून पाइपात शिरणार कसे? त्यासाठी पाइपाचे तोंड पाण्यात बुडालेले हवे.

ती पुन्हा गच्चीवर गेली. पायऱ्या आता जास्त वाटत होत्या. पाणी बरेच उतरले होते, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात जे दिसले नव्हते, ते उन्हाच्या तिरिपेत स्पष्ट दिसले. पाइपाच्या तोंडाला बागेची हिरवी नळी क्लिपने घट्ट आवळून बसवली होती. तिचे दुसरे टोक टाकीच्या बुडाशी पोहोचले होते.

घरी येऊन तिने प्रयोगाचा पेला स्टुलावर ठेवला, जमिनीवर रिकामा डबा ठेवला, आणि निहारच्या मासे नसलेल्या माशांच्या पेटीची पारदर्शक नळी घेतली. एक टोक पेल्यात बुडवले. निहारने दुसरे टोक तोंडात धरून पाणी ओढले आणि चटकन डब्यात सोडले. पाणी पेल्याच्या काठापर्यंत वर चढले, काठ ओलांडला आणि डब्यात पडू लागले.

"वर कसं चढलं?" रंजिताने विचारले.

"खालच्या लांब बाजूचं पाणी वजनाने उतरतं. त्यामुळे वळणापाशी दाब कमी होतो. पेल्यातल्या पाण्यावर मात्र हवा दाबतेच आहे. ती पाण्याला नळीत वर ढकलते. जोवर हे तोंड पाण्यात आहे, तोवर चालू."

"आणि सुरुवातीला मी ओढलं, तसं तिथे कोण ओढतं?" निहारने विचारले.

"पंप. तो रोज पाइप भरून देतो. तुझ्या तोंडाचं काम तोच करतो."

ती नळीचे तोंड पाण्याबाहेर काढणार होती, पण त्याऐवजी तिने आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि काठावरच्या वळणापाशी नळीला टोचून काढली. बारीक बुडबुड्यांची रांग आत शिरली. धार तुटली आणि पाणी थांबले.

"हवा आत गेली," ती म्हणाली. "संपलं."

पद्मनाभकाका तिसऱ्या मजल्यावर, थेट टाकीखाली राहत. पुण्याहून आलेले, अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम करणारे. दुपारी दार उघडले तेव्हा त्यांच्या गालावर उशीची सुरकुती होती.

"काका, पाणी मल्लाप्पाअण्णा चढवतात, पण ते आपोआप परत—"

"बेटा, मी इंजिनिअर आहे," ते जांभई देत म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांची झोप फक्त कित्येक महिन्यांची थकलेली होती. "टाकीतलं पाणी काठावर चढून बाहेर जाणार? ग्रॅव्हिटी शिकलीस ना शाळेत? रविवारी बोलू. माझा रात्री कॉल आहे, प्लीज."

दार बंद झाले.

"आता?" रंजिताने विचारले.

आसावरीला खरे तर घरी जाऊन फरशीवर आडवे पडायचे होते. मोठ्या माणसांना काही समजावून सांगणे, हे उन्हात करायचे काम नव्हे. पण रंजिता जिन्याच्या पायरीवर उभी होती आणि खाली त्या जिन्याखाली तिची खोली होती.

"रविवारी," ती म्हणाली. "बोलायचं नाही. दाखवायचं. तोवर त्या नळीला हात लावायचा नाही."

रविवारी संध्याकाळी तळघरातल्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. अध्यक्ष हणमंतराव मधोमध बसले. ते बेळगावचे, पण बंगळुरात मुरलेले निवृत्त गृहस्थ होते. मल्लाप्पा खांबाशी उभा होता. त्याला कोणी बसायला सांगितले नव्हते.

"मी इमोशनल होणार नाही, फॅक्ट सांगतो," पद्मनाभकाका म्हणाले. "टाकी रिकामी, संप फुल. दुसरं, मी टाकीच्या बरोबर खाली राहतो. पूर्वी पाणी पडायला लागलं की पहाटे माझी झोप मोडायची, इतका आवाज. गेले तीन आठवडे आवाजच नाही. म्हणजे पंप चालत नाही. मला हे बोलताना बरं वाटत नाहीये, पण—"

"मी सांगत होतो की हो साहेब," मल्लाप्पा म्हणाला.

"थांब स्वल्प," हणमंतराव म्हणाले. "ती पोरगी हात वर केली आहे."

आसावरी उभी राहिली. "काका, आवाज बंद व्हायच्या आधी तुम्ही त्याच्यावर काही उपाय केला होता का?"

"केला होता. नळी लावली मी स्वतः, पाइपाला. बुडापर्यंत सोडली, म्हणजे पाणी वरून आदळणार नाही. झोप हवी ना माणसाला..." वाक्य शेवटाकडे मंद होत गेले. माणूस खरोखर इंजिनिअर होता.

मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणाले, "आवाज तुम्हीच बंद केला, आणि आवाज येत नाही म्हणून याला काढायचं?"

"ओके, तो मुद्दा बाद," पद्मनाभकाका म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "पण टाकी रिकामी होते, हे तरी खरं ना?"

"खरं आहे," आसावरी म्हणाली. "पंप लावू या."

मल्लाप्पाने सगळ्यांसमोर पंप लावला. आसावरीने तोवर स्टुलावर पेला आणि जमिनीवर डबा ठेवून पाण्याला काठ ओलांडायला लावले; या खेपेला नळीच्या वळणावर चिकटपट्टी होती. हणमंतराव चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. वर गच्चीवर अंजली आणि निहार टाकीपाशी थांबले होते. टाकी भरल्याचा फोन आला, पंप थांबवला गेला.

"आजोबा, आता फ्यूज काढून तुमच्या खिशात ठेवा," आसावरी म्हणाली.

मल्लाप्पाने फ्यूज काढला, हणमंतरावांनी तो खिशात टाकला. सगळे पंपाच्या दाराशी दाटले. पंखा थांबत आला, क्षणभर थबकला, आणि मग सावकाश, कण्हत, बाणाच्या उलट दिशेने फिरू लागला. त्याचा वेग वाढत गेला. वीज हणमंतरावांच्या खिशात होती.

आसावरीने फोन कानाला लावला. "निहार, आईला क्लिप सोडून नळी काढायला सांग."

पंखा फिरत राहिला. बराच वेळ फिरत राहिला. टाकीतल्या पाण्याखाली आणखी कुठे एखादे भोक असले तर? तिचा तर्क अर्धाच खरा असला तर? रंजिताने तिचा दंड धरला होता. मग फोनमध्ये निहार म्हणाला, "निघाली," आणि पाइपातून गुळगुळ करत उरलेले पाणी उतरून गेले. पंख्याची पाती दिसू लागली. एकेक वेगळी दिसली. पंखा थांबला.

संपात टपटपणारा शेवटचा थेंबही ऐकू आला.

"झडप काढली, तेव्हा काही बिघडलं नाही, कारण पाइपाचं तोंड पाण्याच्या वर होतं," आसावरी म्हणाली. "झडप असती, तर नळी लावूनही काही बिघडलं नसतं. दोन्ही एकदम झालं म्हणून."

"आणि दोन्ही मी केलं," पद्मनाभकाका म्हणाले. ते खांबाकडे वळले. "मल्लाप्पा, चूक माझी आहे. मी तुला खोटा म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो."

मल्लाप्पाने मान हलवली. त्याने "असू दे साहेब" म्हटले नाही. तो फक्त स्वतःहून एक खुर्ची ओढून बसला, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

हणमंतरावांनी खिशातून फ्यूज काढून त्याच्या हातात दिला. "आम्ही सगळे टाकीत डोकावलो आणि पाणी नाही एवढंच बघितलो," ते म्हणाले. "ही पोरं काय आहे ते बघितली. सरी, ठीक आहे. नवी झडप येऊ दे. आणि पोरांनो, पुढच्या मीटिंगला तुम्ही असायचं."

"चहा मिळेल?" वरून आलेल्या निहारने विचारले.

नवी झडप बसली. तरी पद्मनाभकाका दोन दिवसांनी नळी हातात घेऊन दाराशी आले, शाळकरी मुलासारखे अवघडून. झडप आहे, तर ही पुन्हा लावू का, असे त्यांना विचारायचे होते. आसावरीने क्षणभर विचार केला.

"झडप पुन्हा बिघडू शकते. नळीला वरच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर, भोक पाडा. माझ्या नळीला सुई पुरली, हिला पुरणार नाही, बोटाएवढं हवं. पाणी परत जायला लागलं की तिथून हवा शिरेल. फक्त पंप चालताना भोकातून धार उडेल. थोडा आवाज येईल."

आला. पुढे जिन्यात भेटले तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "पाऊस लांबून ऐकू यावा तसा येतो. जाग येते. पण कळतं, मल्लाप्पा कामावर आहे. मग परत झोप लागते."

त्या सकाळी रंजिता तिची दहावीची पुस्तके घेऊन वर आली आणि निहारला टपली मारून फरशीवर पसरली. स्वयंपाकघरात नळ वाहत होता. अंजली आतून आली, तिघांच्या मध्ये एक भरलेला पेला ठेवला, थोडे थांबली, आणि शेजारी दुसराही ठेवला.

"दोन?" निहारने विचारले.

"प्रयोगासाठी," ती म्हणाली. "पण बादलीवर धरून."